शनिवारी घाट चढू नये

डोंगरावरच्या वाल्मेरा गावचा माणूस शनिवारी खाली उतरत नाही, आणि चुकून खाली असलाच तर शनिवारी वर येत नाही. हा काही देवाधर्माचा नेम नव्हे. डिसेंबर ते मार्च, दर शनिवारी सकाळी गेल्या आठवड्याचे स्कीवाले खोल्या रिकाम्या करून उतरतात, दुपारी पुढच्या आठवड्याचे चढतात, आणि घाट एकच, सतरा वळणांचा. त्या दिवशी गावात कोणी लग्न ठरवत नाही, बाप्तिस्मा ठरवत नाही. मरायचं असेल तर तेही शुक्रवारी उरकून घ्यावं असं लोक म्हणतात. क्विरीनोला हे कोणी शिकवायला नको होतं, एकोणऐंशी वर्षं तो त्याच गावात काढत होता. तरी फेब्रुवारीतल्या ऐन सुट्टीतल्या शनिवारी सकाळी तो शहरातल्या इस्पितळातून स्वतःच्या जबाबदारीवर सही करून बाहेर पडला आणि जांघेतले टाके सांभाळत रेल्वे स्टेशनाकडे चालू लागला.

झालं होतं असं. गुरुवारी सकाळी हर्नियाचं ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी, असा साधा बेत होता. पण त्याला ताप चढला आणि डॉक्टरांनी ठेवून घेतलं. इकडे घरी त्याच्या बायकोने, झिताने, गुरुवारपासून अन्नाला तोंड लावलं नाही.

झिताची आठवण चार वर्षांपासून थोडी थोडी करून तिला सोडून चालली होती. गेली दोन वर्षं ती फक्त क्विरीनोच्या हातून जेवायची. मुलीने चमचा पुढे केला की ओठ मिटायचे. पंचायतीने नर्स पाठवली, तिच्यापुढेही मिटले. पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हणून प्रयत्न केला, तर त्यांच्या कपड्यांवर सूप सांडलं. हे सगळं क्विरीनो गावभर सांगायचा. कुरकुरतच सांगायचा, की काय करणार, दोन घटका दुकानात पत्ते कुटायची सोय नाही, माझ्यावाचून तिच्या घशाखाली घास उतरत नाही. पण एकही दिवस न चुकता सांगायचा.

शुक्रवारी संध्याकाळी मुलीचा, देलियाचा, फोन आला. तिचं गावात स्की आणि बूट भाड्याने देण्याचं दुकान होतं, शिवाय आईवडिलांच्या घरातल्या वरच्या चार खोल्याही, पूर्वी झिता चालवायची त्या, आता तीच पाहुण्यांना द्यायची. ती आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "बाबा, डॉक्टर उद्या संध्याकाळी सहाला येणार आहेत. तोवर आई जेवली नाही, तर तिला खाली न्यावं लागेल म्हणाले."

खाली म्हणजे आधी इस्पितळ आणि तिथून म्हाताऱ्यांचा आश्रम. त्या आश्रमात गेलेली आठ माणसं क्विरीनोला नावानिशी ठाऊक होती. परत आलेलं एकही ठाऊक नव्हतं.

"मी येतो उद्या," तो म्हणाला.

"बाबा, उद्या शनिवार आहे."

"मला वार कळतात."

आपण न्यायला येते असं देलिया म्हणाली नाही आणि त्यानेही विचारलं नाही. शनिवारी दुकानातून दोनशे जोड बूट बाहेर जायचे असतात, आणि ती गाडी घेऊन उतरली असती तरी परत चढताना दोघंही त्याच रांगेत बसली असती.

आगगाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसांपेक्षा पिशव्या जास्त आणि पिशव्यांपेक्षा स्की लांब. दारात उभ्या असलेल्या एका धिप्पाड गृहस्थाने वळताना स्कीची पिशवी नेमकी क्विरीनोच्या जांघेवर मारली आणि वर "माफ करा" म्हणत दुसऱ्या बाजूनेही मारली. क्विरीनोच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. एका बाईने त्याचा पांढराफटक चेहरा बघून जागा दिली, तेव्हा तो टेकला. पुढे दीड तास तो मनात एकच हिशेब करत राहिला. गाडी साडेअकराला घाटाखालच्या पोंतेसेक्कोला पोचेल, बस बाराला सुटेल, घाट एरवी पाऊण तासाचा. शनिवार म्हणून चौपट धरला तरी तीन वाजता घरी. चारला सूप, पाचला हवं तर आणखी थोडं. सहाला डॉक्टर आले की झिता तोंड पुसून खुर्चीत बसलेली दिसेल.

बस बारा चाळीसला सुटली. ड्रायव्हर लोरिस हा क्विरीनोच्या मित्राचा मुलगा, अंगाने आडवा आणि जिभेला हाड नसलेला. त्याने क्विरीनोला रांगेत पाहिलं आणि पुढच्या सीटवर ठेवलेली कुणाचीतरी शिरस्त्राणं उचलून थेट मागे दिली.

"काका, शनिवारी? डोक्याचं ऑपरेशन करून आलात का?"

"जांघेचं. डोकं केव्हाच गेलंय," क्विरीनो म्हणाला आणि सीटवर हळूच टेकला.

मग त्याने लोरिसला झिताचं सांगितलं. लोरिसची थट्टा बंद झाली. पोचवतो, एवढंच तो म्हणाला.

पण पोचवतो म्हणून कोण पोचतं? पोंतेसेक्कोबाहेरच्या पुलापाशीच दीड तास गेला. सुरुवातीला बसमध्ये उत्साह होता, मागे एक चेक मंडळी गाणी म्हणत होती. पहिल्या वळणापर्यंत गाणी संपली, दुसऱ्यापर्यंत बिस्किटं संपली, तिसऱ्यावर एका मुलीला ओकारी झाली आणि चौथ्यावर तिच्या भावाला. एक गृहस्थ दर दहा मिनिटांनी पुढे येऊन आता किती वेळ असं विचारायचे, आणि लोरिस दर वेळी शांतपणे सांगायचा, अर्धा तास. वरून उतरणाऱ्या गाड्यांतले लोक उन्हाने रापलेले आणि चिडलेले, खालून चढणारे पांढरे आणि चिडलेले, एवढाच काय तो फरक. मधूनमधून एखादा शहाणा चाकांना साखळ्या न बांधता आलेला असायचा. त्याची गाडी वळणावर आडवी व्हायची की सगळा घाट थांबायचा. क्विरीनोने त्या सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. गावात सगळेच घालतात. पोट त्यांच्यावरच चालतं, त्यामुळे मोठ्याने घालता येत नाहीत, एवढंच.

सहाव्या वळणावर साझे नावाची तीन घरांची वस्ती आहे. तिथे बस पोचली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते आणि पुढची रांग हलायचं नाव घेत नव्हती. टाके ठणकत होते. क्विरीनोने खिडकीतून पाहिलं तर अंगणात सिल्वाना फावड्याने बर्फ ओढत होती. सिल्वाना त्याच्याबरोबर शाळेत होती. आता विधवा, चार शेळ्या आणि एक जुनी चौकोनी गाडी बाळगून राहणारी. तिने त्याला पाहिलं, फावडं टाकलं आणि येऊन बसच्या दारावर थाप मारली. काय झालंय ते तिला दोन वाक्यांत कळलं.

"मग इथे काय अंडी उबवतोयस?" ती म्हणाली. "चल, गवतवाटेने नेते. वीस मिनिटांत घरी."

गवतवाट म्हणजे जुनी वाट, जिच्यावरून पूर्वी गवताच्या घसरगाड्या उतरवत. एका गाडीपुरती रुंद, साझेच्या मागून चढून वाल्मेराच्या चर्चमागे निघणारी. गावाबाहेरच्या माणसाला ती ठाऊक नव्हती आणि ठाऊक होऊ नये याची गावाने पुरती काळजी घेतली होती. बारा वर्षांपूर्वी ग्रामसभेत ठराव करून तिच्या तोंडाशी असलेली पाटी काढून टाकली होती. ठराव मांडणारा क्विरीनो, आणि पाना घेऊन पाटी उतरवणाराही तोच.

लोरिसने आरशातून पाहिलं. "काका, बसून राहा. हळू पोचेन, पण पोचेन."

त्याने ऐकायला हवं होतं. पण तीन तास परक्या माणसांत कोंबून बसल्यावर आपल्या माणसाने आपल्या वाटेने नेतो म्हटलं, की वाल्मेराच्या माणसाला राहवत नाही. आपला रस्ता आपल्याला माहीत असतो, ही त्याची खोड. क्विरीनो उतरला.

पहिला किलोमीटर झकास गेला. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, मध्ये कोरा बर्फ, आणि सिल्वानाची गाडी घोरत घोरत चढत होती. खाली मोठ्या रस्त्यावर गाड्यांची रांग दिसत होती आणि दोघं त्या रांगेला हसत होती. सिल्वानाने त्याला घरच्या चीजचा तुकडाही दिला. त्याने तो खिशात ठेवला. झिता जेवल्याशिवाय त्याच्या घशाखाली काही उतरलं नसतं. पावणेचार. सव्वाचारला घरात, असं तो म्हणाला, आणि कित्येक तासांनी त्याचे खांदे खाली आले.

वाटेकडेच्या छोट्या देवळीपाशी, वळणावर, सिल्वानाने ब्रेक दाबला. पुढे लाल दिवे होते. एक गाडी, तिच्यापुढे दुसरी, तिच्यापुढे तिसरी, आणि वाट जिथपर्यंत दिसत होती तिथपर्यंत छपरावर स्की बांधलेल्या गाड्याच गाड्या. शेवटच्या गाडीतून एक रोमचा तरुण उतरून मोकळ्या हवेत सिगारेट ओढत उभा होता.

"तुम्ही या वाटेला आलात कसे?" सिल्वानाने काच खाली करून विचारलं.

"फोनने दाखवली," तो खुशीत म्हणाला. "मोठा रस्ता तुंबला की हाच दाखवतो. म्हणे फक्त गावकऱ्यांनाच माहीत असतो."

सिल्वानाने काच वर केली. पुढे कुठेतरी एक लांबलचक गाडी साखळ्यांविना आडवी अडकली होती. वळायला जागा नाही, आणि मागे पाहतात तर आणखी तीन गाड्या येऊन चिकटलेल्या. आगीतून फुफाट्यात. दरीपलीकडे मोठा रस्ता स्पष्ट दिसत होता. तिथली रांग आता सुटली होती आणि लोरिसची निळी बस अकरावं वळण घेत होती. मग बारावं. दोघं बघत राहिली.

"आता मी काय बोलू?" सिल्वाना म्हणाली.

"काही बोलू नकोस. पाटी मीच काढली होती."

अर्धा तास गेला. सिल्वाना फावडं घेऊन पुढे गेली, आडव्या गाडीवाल्याला चार शब्द ऐकवले आणि त्याची चाकं मोकळी करायला लागली. ती परत आली तेव्हा क्विरीनो गाडीतून उतरून मफलर बांधत होता. घर तिथून दीड किलोमीटर, सगळा चढ. आठवडाभर जिनासुद्धा चढायचा नाही असं त्याला बजावलं होतं, तेही त्याने तिला सांगून टाकलं.

"मरशील," ती म्हणाली.

"ती खाली गेली तर तसाही मरेन," तो म्हणाला. मेलेल्या नवऱ्याची काठी गाडीत असायची, ती तिने त्याच्या हातात दिली.

गाड्यांच्या कडेकडेने तो चढू लागला. वीस पावलं चालायचं, थांबायचं. काचांआडून लोक त्याच्याकडे बघत होते, एका बाईने थर्मासातला चहा पुढे केला, पण त्याने मान हलवली. बोलायला दम नव्हता. गाड्या संपल्यावर नुसती वाट राहिली आणि ती जास्त अवघड वाटली, कारण आता थांबलं तर विचारणारंही कोणी नव्हतं. दर पावलाला टाके ओढले जात होते आणि मांडीवरून काहीतरी ओलं उतरत होतं. ते काय आहे हे त्याने पाहिलं नाही. झाडांमागून शेवटचे स्कीवाले उताराने खाली सुळकन निघून जात होते. एकेकाला तीन सेकंद लागत होते तेवढ्याला त्याला दहा मिनिटं लागत होती.

त्याला भीती वाटत होती. झिता आज गाडीत बसेल, आपल्याला वाटेतच समोरून रुग्णवाहिका लागेल, आणि आतून ती आपल्याकडे बघणारही नाही. आणि स्वतःचा रागही येत होता. बसून राहिलो असतो तर एव्हाना पोचलो असतो. एका दगडावर टेकल्यावर त्याला रडू आलं, आणि रडायलाही दम लागतो हे त्याला त्या दिवशी कळलं. त्याने नाक पुसलं आणि उठला.

चर्चच्या घड्याळात साडेपाचचा टोला पडला तेव्हा तो चर्चमागे पोचला होता. एरवी तिथून घर पाच मिनिटांवर. अंधारून आलं होतं. तो अंगणात शिरला तेव्हा डॉक्टरांची गाडी दारात उभी होती. सहाला यायचे, ते आधीच आले होते. भिंत धरून त्याने दार ढकललं.

स्वयंपाकघर ऊबदार होतं आणि जवाच्या सुपाचा वास होता. डॉक्टर टेबलाशी उभे राहून बॅग बंद करत होते. देलिया दुकानाच्या जाकिटातच होती. चुलीशेजारच्या खुर्चीत झिता, आणि तिच्यासमोर स्टुलावर एक अनोळखी जाडगेली बाई, पायांत नुसते लोकरीचे मोजे, हातात रिकामा वाडगा.

"बाबा! जेवली," देलिया म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "आत्ता. सगळं जेवली. वर मक्याच्या पोलेंटाचा तुकडाही खाल्ला."

ती बाई वरच्या खोलीतली पाहुणी होती, पोलंडची. पहाटेच गाडीने निघून गर्दीच्या आधी पोचलेली. मीठ मागायला खाली आली होती. तिला इथली भाषा येत नव्हती, देलियाला तिची येत नव्हती. देलिया वाडगा घेऊन रडत बसलेली पाहून तिने तो तिच्या हातातून घेतला, स्टूल ओढलं आणि चमचा पुढे केला. झिताने तोंड उघडलं. बस, एवढंच झालं.

डॉक्टर म्हणाले, आता हिला न्यायचं काही कारण उरलं नाही, पण क्विरीनोचा रंग बघता त्याला मात्र न्यावं लागेलसं दिसतंय. त्याला खुर्चीत बसवून त्यांनी त्याची पट्टी पाहिली, बदलली, थोडं रागावले, सकाळी पुन्हा येतो म्हणाले आणि गेले. क्विरीनो हो हो म्हणत राहिला. झिता राहिली होती. दिवसभर ज्यासाठी जीव टाकला ते झालं होतं, आणि त्याला आनंद झालाच होता, खोटं कशाला बोला. पण त्या आनंदाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते काय हे त्याला चांगलं कळत होतं. दोन वर्षं तो जगाला जे सांगत आला होता ते एका मीठ मागायला आलेल्या बाईने मोज्यांनिशी बसून खोटं पाडलं होतं. त्याला तिचा हेवा वाटला. स्वतःची लाजही वाटली, पण हेवा गेला नाही.

"सगळं खाल्लं?" त्याने पुन्हा विचारलं.

"सगळं," देलिया म्हणाली.

पोलिश बाईला काय कळलं कोण जाणे. तिने वाडगा विसळून पालथा घातला, क्विरीनोच्या खांद्याला हलकेच हात लावला आणि मीठ घेऊन वर गेली.

तेवढ्यात झिता उठली. गेले दोन दिवस ती आधाराशिवाय उठली नव्हती. ती येऊन क्विरीनोसमोर उभी राहिली आणि त्याच्याकडे नीट बघू लागली: गुडघ्यापर्यंत भिजलेली विजार, बर्फाने भरलेले बूट, लाल नाक. तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत नव्हती अशी हुशारी आली.

"रस्त्यात फार हाल झाले का हो?" ती म्हणाली. "या, बसा असे चुलीजवळ."

अडतीस वर्षं तिने आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हे विचारलं होतं, त्याच जागी, त्याच आवाजात. नाव विचारायच्या आधी विचारायची. देलियाने "आई, अगं, हे बाबा..." म्हणून तोंड उघडलं, पण क्विरीनोने हाताने तिला थांबवलं.

"थोडे झाले," तो झिताला म्हणाला.

"होतातच. पण आता पोचलात ना." तिने पातेल्याचं झाकण काढलं, देलियाचा हात बाजूला सारला आणि स्वतः सूप वाढलं. एक थेंब सांडला नाही. वाडगा त्याच्यापुढे ठेवून ती उभी राहिली, पाहुणा पहिला घास घेईपर्यंत बसायचं नाही ही तिची रीत होती. त्याने दिवसातला पहिला घास घेतला. गरम होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि वाफेवर ढकलता येईल म्हणून त्याने ते पुसलं नाही.

"किती रात्री राहणार?" झिताने विचारलं.

क्विरीनोने चमचा खाली ठेवला.

"तुम्ही ठेवाल तितक्या," तो म्हणाला.

तिने मान डोलावली. भिंतीवरच्या खिळ्यांवरून तिने वरच्या चार नंबरच्या खोलीची किल्ली काढली आणि त्याच्या वाडग्याशेजारी ठेवली.